प्रेस्टनपॅन्सची पंधरा मिनिटं : १७४५ च्या बंडात सरकारी फौज एवढ्या पटकन कशी हरली?

स्कॉटलंडमधलं १७४५ सालचं जॅकोबाइट बंड (गादीवरून घालवलेल्या स्टुअर्ट घराण्याला परत आणण्यासाठी केलेलं) म्हटलं की बहुतेकांना त्याचा शेवट आठवतो, म्हणजे कलोडनची लढाई, हायलंडर म्हणजे तिथल्या डोंगराळ भागातल्या लोकांची कत्तल, त्या घराण्यातल्या राजपुत्राचं लपतछपत पळून जाणं वगैरे. पण मला त्या बंडातली पहिली मोठी लढाई जास्त समजून घ्यावीशी वाटते, ती झाली २१ सप्टेंबर १७४५ ला पहाटे, एडिंबरापासून पूर्वेला साधारण १३ किलोमीटरवर समुद्रकाठच्या प्रेस्टनपॅन्स गावाजवळ. महिनाभरापूर्वी शेतीवाडी आणि गुरंढोरं सांभाळत घरी बसलेल्या लोकांनी तोफा, घोडदळ, पगारी शिपाई असलेली २३०० माणसांची सरकारी फौज पंधरा मिनिटांत संपवली. हो, पंधराच मिनिटं, काही जण तर दहाच म्हणतात.

ही गोष्ट साधारण दोन पद्धतीने सांगतात. एक म्हणजे हायलंडर लोक इतके शूर की त्यांच्यापुढे कोण टिकणार, आणि दुसरी म्हणजे सरकारी जनरल सर जॉन कोप हा भित्रा आणि बावळट होता म्हणून हरला. मला दोन्ही पटत नाहीत. शौर्य होतं ह्यात वादच नाही आणि कोपच्या चुकाही होत्या, पण नीट बघितलं तर ही लढाई आदल्या रात्री, आणि खरं तर आधीच्या महिनाभरातच, बरीचशी ठरून गेली होती. त्यामुळे जरा मागून सुरू करू.

इंग्लंड आणि स्कॉटलंड ह्या दोन्ही गाद्यांवर स्टुअर्ट घराण्याचा राजा जेम्स होता, तो कॅथलिक, आणि प्रजा बहुतांश प्रॉटेस्टंट. १६८८ मध्ये त्याला घालवलं आणि त्याची मुलगी मेरी आणि जावई विल्यम ह्यांना गादीवर बसवलं. जेम्सच्या बाजूने राहिलेले ते जॅकोबाइट. पुढे १७०७ मध्ये इंग्लंड आणि स्कॉटलंडची पार्लमेंट एक झाली, १७१४ मध्ये राणी अ‍ॅन वारली तेव्हा स्टुअर्टांपैकी जवळचे नातेवाईक कॅथलिक म्हणून कायद्याने बाद झाले आणि जर्मनीतल्या हॅनोव्हरचा जॉर्ज आणून राजा केला. जेम्सचा मुलगा (तोही जेम्सच) परदेशातून हक्क सांगत राहिला. त्याच्या नावाने १७१५ मध्ये मोठं बंड झालं, फसलं. १७१९ मध्ये छोटं झालं, तेही फसलं. १७४४ मध्ये फ्रान्सने इंग्लंडवर उतरायला डंकर्कजवळ जहाजं जमवली होती, ती वादळात सापडून मोडली आणि तो बेतही बारगळला. म्हणजे १७४५ उजाडेपर्यंत सगळे समजून चुकले होते की आता ह्या घराण्याचं काही होत नाही. (काळाचा अंदाज यावा म्हणून सांगतो, त्या वेळी इकडे साताऱ्याला शाहू महाराज छत्रपती होते आणि नानासाहेब पेशवे कारभार बघत होते.)

आता हायलंड म्हणजे काय ते थोडं सांगायला हवं, कारण त्याशिवाय पुढचं कळणार नाही. स्कॉटलंडच्या उत्तर आणि पश्चिमेचा डोंगराळ भाग, भाषा गेलिक, आणि समाजाची रचना कुळांवर म्हणजे क्लॅनवर उभी. कुळाचा प्रमुख हा जमिनीचा मालक, न्यायनिवाडा करणारा आणि लढाईतला सरदारही, आपल्याकडच्या जुन्या वतनदार देशमुखासारखा, फक्त इथे खालची माणसं स्वतःला त्याच्याच रक्ताची समजायची. प्रमुखाने बोलावलं की कुळाने हत्यार घेऊन यायचं. सगळे आनंदाने येत असं नाही हां, घर जाळीन, जमीन काढून घेईन अशा धमक्या देऊन आणलेलीही माणसं होती.

आणि एक मोठा गैरसमज आत्ताच काढून टाकू, हे युद्ध स्कॉटलंड विरुद्ध इंग्लंड असं नव्हतं. स्कॉटलंडच्या सखल भागातले बरेच लोक कट्टर प्रॉटेस्टंट, त्यांना कॅथलिक स्टुअर्ट नको होते. हायलंडमध्येही कॅम्पबेलसारखं बलाढ्य कूळ सरकारच्या बाजूने होतं. एकेका घरात दोन बाजू होत्या. अ‍ॅथॉलच्या ड्यूकचं घराणं घ्या, थोरला भाऊ विल्यम बंडखोर म्हणून परदेशात राहिलेला, मधला जेम्स सरकारी ड्यूक, आणि धाकटा लॉर्ड जॉर्ज मरे, जो पुढे ह्या बंडाचा सगळ्यात हुशार सेनापती ठरला. आपल्याकडे भाऊबंदकीच्या कथा वाचलेल्या माणसाला ह्यात नवल वाटणार नाही.

तर १७४५ च्या जुलैमध्ये परदेशातून हक्क सांगणाऱ्या त्या स्टुअर्ट जेम्सचा मुलगा चार्ल्स एडवर्ड स्टुअर्ट, वय २४, जन्म रोमचा, स्कॉटलंड आयुष्यात कधी न बघितलेला, फ्रान्सहून निघाला. फ्रेंच सरकारची पक्की मदत नाही, कर्ज काढून दोन जहाजं केली. त्यातलं हत्यारं आणि माणसं असलेलं मोठं जहाज ‘एलिझाबेथ’ वाटेत ब्रिटिश युद्धनौकेशी झुंजून मोडकळीला आलं आणि परत गेलं, आणि हा पठ्ठ्या दुसऱ्या जहाजातून मोजकी माणसं घेऊन २३ जुलैला एरिस्के नावाच्या बेटावर उतरला. तिथे भेटलेल्या मॅकडोनाल्ड घराण्यातल्या एका प्रमुखाने त्याला सरळ सांगितलं की घरी जा. स्काय बेटावरचे दोन बडे प्रमुख, स्लेटचा मॅकडोनाल्ड आणि मॅकलाउड, आलेच नाहीत. फ्रेंच फौज आणली असतीस तर बघितलं असतं, असा एकूण सूर. खरं वळण आलं ते कॅमेरॉन कुळाचा प्रमुख लोखील ह्याच्यामुळे. तो मनाविरुद्ध तयार झाला आणि १९ ऑगस्टला ग्लेनफिनन इथे निशाण उभारलं तेव्हा त्याची सातशेच्या आसपास माणसं आली म्हणून बंडाला बंड म्हणावं असा आकार आला, नाहीतर तिथेच सगळं संपलं असतं.

त्याच्या तीन दिवस आधी, १६ ऑगस्टला एक छोटी चकमक झाली होती, ती मला फार बोलकी वाटते. फोर्ट विल्यम ह्या सरकारी गडाच्या मदतीला चाललेल्या सरकारी शिपायांच्या दोन तुकड्या, ऐंशीच्या वर माणसं, हायब्रिज नावाच्या पुलाशी पोचल्या. पुलापलीकडे केपॉखच्या मॅकडोनाल्डांची दहा-बारा माणसं आणि एक पायपर, म्हणजे बॅगपाइप वाजवणारा. त्यांनी आरडाओरडा केला, झाडांमागून पळापळ करत प्लेड, म्हणजे अंगावरची लोकरी वस्त्रं, हलवले, पायपरने वाजवायला घेतलं, आणि ह्या नवख्या शिपायांना वाटलं की पलीकडे मोठा जमाव आहे. ते मागे फिरले, वाटेत आणखी हायलंडर जमत गेले आणि शेवटी सगळे शरण आले. मूठभर माणसांनी संख्या मोठी भासवून शत्रूला घाबरवणं हे मराठी इतिहास वाचणाऱ्याला ओळखीचं आहे, पण इथे महत्त्वाचं हे की सरकारी शिपाई किती कच्चे होते ते पहिल्याच दिवशी दिसलं.

कच्चे का होते? कारण चांगली फौज देशातच नव्हती. ब्रिटन तेव्हा युरोपात फ्रान्सशी लढत होतं, त्याच वर्षी ११ मे ला फाँतन्वाच्या लढाईत ड्यूक ऑफ कंबरलंडच्या हाताखाली हरलंही होतं, आणि अनुभवी पलटणी सगळ्या तिकडे फ्लँडर्समध्ये. स्कॉटलंडमध्ये कोपच्या हातात होती तीन हजारांच्या आसपास माणसं, बरीचशी नवी भरती, निम्म्याअर्ध्या पलटणी, गडागडांवर विखुरलेल्या. घोडदळाच्या दोन रेजिमेंट होत्या, गार्डिनरचे ड्रॅगून आणि हॅमिल्टनचे ड्रॅगून, पण माणसं आणि घोडी दोन्ही लढाई न बघितलेली. आणि तोफा होत्या पण गोलंदाज नव्हते! हे लक्षात ठेवा, पुढे लागणार आहे.

कोप २० ऑगस्टला स्टर्लिंगहून उत्तरेला निघाला, बंड वाढायच्या आत मोडायचं म्हणून. विचार चुकीचा नव्हता. वाटेत कॉरियारिक नावाचा घाट लागतो, नागमोडी वळणांचा, आणि गंमत म्हणजे तो रस्ता सरकारनेच आधीच्या बंडांनंतर फौजा पटकन हलवता याव्यात म्हणून बांधलेला. आता त्याच रस्त्याच्या माथ्यावर बंडखोर येऊन बसणार ही बातमी कोपला लागली. खालून वर चढत वळणावळणावर मार खायचा ही काही शहाणपणाची गोष्ट नाही, म्हणून त्याने २६-२७ ऑगस्टच्या सुमाराला घाट सोडून उजवीकडची वाट धरली आणि तो इनव्हर्नेसला निघून गेला, तिकडची सरकारनिष्ठ कुळं येऊन मिळतील ह्या आशेवर. ती काही फारशी आली नाहीत. आणि दक्षिणेचा रस्ता, थेट राजधानी एडिंबरापर्यंतचा, मोकळा पडला. माझ्या मते प्रेस्टनपॅन्स अर्धं इथेच हरलं गेलं, कारण ह्यानंतर कोप सतत बंडखोरांच्या मागे धावत राहिला.

चार्ल्सने वेळ घालवला नाही. ४ सप्टेंबरला पर्थ, तिथे लॉर्ड जॉर्ज मरे येऊन मिळाला (हा थोड्याच दिवसांपूर्वी कोपला जाऊन भेटला होता, त्यामुळे चार्ल्सच्या जवळच्या माणसांचा त्याच्यावर कधीच पूर्ण विश्वास बसला नाही, आणि ह्या संशयाने पुढे फार नुकसान केलं). १३ तारखेला फोर्थ नदी उतारातून ओलांडली. १६ तारखेला एडिंबराबाहेर कोल्टब्रिजपाशी त्या दोन्ही ड्रॅगून रेजिमेंट बंडखोरांची टेहळणी करणारी चार माणसं दिसताच ज्या सुटल्या त्या कितीतरी मैल थांबल्याच नाहीत, शहरातल्या लोकांनी स्वतःच्या डोळ्यांनी हे बघितलं. मग शहर काय लढणार! दुसऱ्या दिवशी पहाटे वाटाघाटीला गेलेल्यांची घोडागाडी आत सोडून परत बाहेर जाताना नेदरबो नावाचा दरवाजा उघडला आणि बाहेर दबा धरून बसलेले कॅमेरॉन आत घुसले, रक्ताचा थेंब न सांडता राजधानी हातात. किल्ला मात्र सरकारकडेच राहिला, तो त्यांना शेवटपर्यंत घेता आला नाही.

इकडे कोप इनव्हर्नेसहून अ‍ॅबर्डीनला चालत, तिथून जहाजाने डनबारला, म्हणजे एडिंबराच्या पूर्वेला, त्याच १७ तारखेला येऊन उतरायला लागला. एक दिवस आधी आला असता तर? असा प्रश्न मला नेहमी पडतो. समुद्र, वारा, जहाजं ह्यावर त्याचा काय इलाज होता.

आता लढाईची जागा. ही नीट डोळ्यांसमोर आणा, कारण सगळी मेख इथे आहे. उत्तरेला समुद्र आणि किनाऱ्यावर प्रेस्टनपॅन्स, कॉकेन्झी ही मीठ पिकवणारी गावं. (आपल्याकडे उरण-पेणच्या मिठागरात ऊन मीठ करतं, तिथे ऊन कुठलं, ते कोळसा जाळून मोठ्या कढयांत समुद्राचं पाणी आटवायचे.) दक्षिणेला चढावर ट्रॅनंट गाव, तिथे कोळशाच्या खाणी. ह्या दोघांच्या मध्ये सपाट मोकळी शेतं, नुकतीच कापणी झालेली, फक्त धसकटं उरलेली. शेतांच्या आणि ट्रॅनंटच्या चढाच्या मध्ये दलदल आणि एक खोल चर. पश्चिमेला प्रेस्टन हाउस आणि बँक्टन हाउस ह्या दोन वाड्यांच्या बागांच्या उंच दगडी भिंती. आणि ह्या सगळ्यातून खाणीपासून बंदरापर्यंत कोळसा न्यायला १७२२ मध्ये टाकलेला लाकडी रुळांचा मार्ग जायचा, घोडे ओढायचे ते डबे. स्कॉटलंडमधल्या सगळ्यात जुन्या रुळमार्गांपैकी हा एक, आणि ह्या लढाईत फौजा त्याच्यावरून लढल्या.

२० तारखेला कोप ह्या शेतात येऊन उभा राहिला. सुरुवातीला तोंड पश्चिमेला, कारण बंडखोर एडिंबराकडून येणार. पण लॉर्ड जॉर्ज मरेने त्यांना आधी वरच्या टेकडीवर नेलं आणि ते ट्रॅनंटच्या चढावर उभे दिसले, म्हणून कोपने तोंड दक्षिणेला वळवलं. आता त्याची पोझिशन बघा, समोर दलदल आणि चर, उजव्या हाताला भिंती, पाठीला समुद्र. कुठल्याही लष्करी माणसाला विचारा, ही जागा चांगलीच म्हणेल. हायलंडर लोकांची सगळी ताकद त्यांच्या धावत येऊन आदळण्यात, आणि दलदलीतून धावता येत नाही. कॅमेरॉनांची काही माणसं ट्रॅनंटच्या चर्चच्या आवारात पुढे गेली होती, तर कोपच्या तोफांनी त्यांना मागे हटवलं. बंडखोरांच्या छावणीत त्या संध्याकाळी भांडणं झाली, मरे आणि चार्ल्सचा आयरिश सल्लागार ओ’सलिव्हन ह्यांचं जोरात वाजलं. मरेचं म्हणणं होतं की पूर्वेकडून वळसा घालायचा. पण वळसा घातला तरी दलदल ओलांडायची कुठून?

आणि इथे येतो रॉबर्ट अँडरसन. हा त्याच भागातल्या एका जमीनदाराचा मुलगा, ती सगळी पाणथळ जमीन शिकारीच्या निमित्ताने त्याने पायाखाली घातलेली. रिगनहेड नावाच्या शेताजवळून दलदलीतून जाणारी एक अरुंद पायवाट त्याला माहीत होती. तो संध्याकाळच्या बैठकीत हजर होता पण एवढ्या मोठ्या माणसांपुढे बोलायचं धाडस झालं नाही. रात्री त्याने ओळखीच्या हेपबर्न नावाच्या माणसाला सांगितलं, तो म्हणाला आत्ताच्या आत्ता मरेला उठव. मरे उठला, ऐकलं, चार्ल्सला उठवलं, तो शेतातच वाटाण्याच्या पेंढ्यांवर झोपलेला, आणि आधीचा सगळा बेत बाजूला ठेवून निघायचं ठरलं. मला ह्या गोष्टीत मरेचं फार कौतुक वाटतं. मध्यरात्री एक तरुण पोरगा येऊन वाट आहे म्हणतो आणि तेवढ्यावर अख्खी फौज हलवायची, ह्याला ऐकून घ्यायची तयारी लागते, ती बड्या सेनापतींकडे क्वचित असते.

पहाटे चारच्या सुमाराला तिघातिघांच्या रांगेने, बोलायचं नाही, दिवा नाही, अशी ती माणसं त्या वाटेने निघाली. पुढे अँडरसन वाटाड्या. कोपने रात्रभर शेकोट्या पेटत्या ठेवल्या होत्या, पहाऱ्याचे घोडेस्वार नेमले होते, म्हणजे तो गाफील झोपला होता हे खोटं आहे. पण ती नेमकी वाट अडवलेली नव्हती. पहाऱ्याच्या ड्रॅगूनांना चाहूल लागली तोवर बंडखोर दलदलीच्या अलीकडे, त्याच्याच शेतात, पूर्वेच्या बाजूला उतरले होते. कोपने अंधारातच सगळी फौज पुन्हा वळवली, आता तोंड पूर्वेला. हे त्याने वेळेत आणि नीट केलं, हे त्याचं श्रेय द्यायलाच हवं. पण परिणाम बघा, समोरची दलदल आता बाजूला गेली, मध्ये फक्त धसकटाचं सपाट रान उरलं, म्हणजे हायलंडरांना धावायला अगदी हवं तसं. आणि ज्या भिंती उजव्या बाजूला आधार होत्या त्या आता पाठीमागे आल्या, म्हणजे पळायची वेळ आली तर सापळा.

दोन्हीकडची संख्या जवळपास सारखीच होती, बंडखोर २४०० च्या आसपास. त्यांच्या उजवीकडे ड्यूक ऑफ पर्थच्या हाताखाली मॅकडोनाल्ड कुळं (उजवी बाजू हा आपला पिढीजात मान असं ते मानायचे आणि त्यावरून भांडायचे), डावीकडे मरेच्या हाताखाली कॅमेरॉन आणि स्ट्युअर्ट. मॅकग्रेगर लोकांपैकी कित्येकांकडे तलवारी नव्हत्या, त्यांनी गवत कापायच्या लांब विळ्यांची पाती काठ्यांना सरळ बांधून घेतली होती. मागे थोड्या अंतरावर दुसरी फळी, तिच्यासोबत चार्ल्स. आणि हा बेत काही बिनचूक नव्हता बरं का, पर्थ अंधारात समुद्राकडे जरा जास्तच सरकला आणि दोन भागांच्या मध्ये चांगलीच फट पडली. समोर अनुभवी घोडदळ असतं तर त्या फटीतून घुसून त्यांनी वाट लावली असती.

कोपच्या सगळ्या तोफा, सहा छोट्या आणि त्यासोबत काही उखळी, एकाच ठिकाणी म्हणजे त्याच्या उजव्या टोकाला होत्या, समोर बरोबर कॅमेरॉन. तोफा चालवायला युद्धनौकेवरचे काही खलाशी आणि म्हातारे गोलंदाज आणले होते, ते हायलंडर दिसताच पळाले, बत्तीसाठी लागणारी दारू घेऊन पळाले! शेवटी लेफ्टनंट कर्नल व्हाइटफोर्ड आणि गोलंदाजांचा प्रमुख ग्रिफिथ अशा दोनच माणसांनी तोफा सांभाळल्या, व्हाइटफोर्डने स्वतःच्या हाताने एकामागून एक पाच तोफा डागल्या. कॅमेरॉन क्षणभर थबकले, माणसं पडली. पण परत भरायला कोणीच नाही. तोफांच्या रक्षणाला ठेवलेल्या तुकडीने एक विस्कळीत बार काढला आणि ती पळाली, तिच्या मागच्या ड्रॅगूनांना हल्ल्याचा हुकूम झाला तर ते उलटे फिरले, मग दुसऱ्या टोकाचे ड्रॅगूनही गेले, आणि पायदळ दोन्ही बाजूंनी उघडं पडलं.

ही फळी का फुटली ह्याचं साधं गणित आहे. त्या काळची, चकमकीच्या दगडाच्या ठिणगीने उडणारी बंदूक तरबेज शिपाई मिनिटाला दोन-तीनदा उडवतो, नवखा त्याहून कमी. पन्नास-साठ मीटरच्या पलीकडे नेम म्हणजे नशीब. आणि पन्नास मीटर पळायला माणसाला दहा सेकंद पुरतात. म्हणजे समोरून माणसं धावत येत असताना तुमच्याकडे कामाचा बार एकच. तो शांत डोक्याने, हुकमाने, सगळ्यांनी एकदम काढला तर रांग कोसळते, पण भीतीने कोणी आधी, कोणी नंतर, कोणी हवेत काढला तर गेलं. हायलंडर जवळ येऊन स्वतःचा एक बार काढायचे, बंदूक टाकून द्यायचे आणि धुरातून तलवार उपसून थेट अंगावर, डाव्या हातातल्या ढालीने संगीन बाजूला सारून उजव्या हाताने वार. हे तंत्र आहे, नुसता वेडेपणा नाही. त्यात धुकं, अर्धवट उजेड, शेजारचं घोडदळ पळताना दिसतंय, आणि बाजूने एकेक पलटण गुंडाळली जातेय, अशा वेळी आयुष्यात पहिलीच लढाई लढणारा पोरगा काय करेल? पळेल. पळाले. आणि मागे भिंती. सगळ्यात जास्त माणसं तिथे मारली गेली, आणि ते वाचायला नको वाटतं इतकं भयंकर होतं.

गार्डिनर, ज्याचे ड्रॅगून पळाले तो म्हातारा आजारी कर्नल, पळाला नाही. आघाडीला पायदळाची एक तुकडी अधिकाऱ्याविना लढतेय बघून तो तिच्यापाशी गेला आणि तिथे मरणाचा जखमी झाला. बँक्टन हाउस हे त्याचंच घर, तिथून दिसणाऱ्या शेतात तो पडला.

सरकारी बाजूचे साधारण ३०० मेले, जखमी धरून हजाराच्या आसपास पकडले गेले, पायदळातले दोनशेसुद्धा धड निसटले नाहीत. बंडखोरांचे मेले तीस-चाळीस. कॉकेन्झीला ठेवलेलं सामान, खजिना सगळं हाती लागलं, आणि त्या सामानावर पहारा देणारे सरकारी शिपाईसुद्धा हायलंडरच होते, हे युद्ध स्कॉटलंड विरुद्ध इंग्लंड नव्हतं ह्या आधीच्या मुद्द्यासाठी लक्षात घ्या. कोपने पळणाऱ्या ड्रॅगूनांना थांबवायचा प्रयत्न केला, पिस्तूल दाखवून अडवलं म्हणतात, जमलं नाही, शेवटी साडेचारशेच्या आसपास माणसं घेऊन तो इंग्लंडच्या सीमेवरच्या बेरिककडे निघून गेला. त्याच्यावर चिडवणारं गाणं झालं ते आजही स्कॉटलंडमध्ये गातात, आणि त्या गाण्यामुळेच तो झोपून राहिला होता हा समज पक्का झाला. १७४६ मध्ये फील्ड मार्शल वेडच्या अध्यक्षतेखाली त्याची चौकशी झाली, साक्षी झाल्या, आणि त्याला दोषमुक्त केलं. पण चौकशीचा अहवाल कोण वाचतो, गाणं सगळे ऐकतात. मला हा त्याच्यावर अन्याय वाटतो.

चार्ल्सने विजयोत्सव करू दिला नाही, मेलेले हेही आपल्या बापाचेच प्रजाजन म्हणून, आणि जखमींची सोय लावायला सांगितलं. हे त्याला शोभलं. पण ह्या विजयाने त्याच्या डोक्यात जे बसलं ते घातक ठरलं. त्याला वाटायला लागलं की सरकारी शिपाई आपल्या माणसांपुढे उभेच राहू शकत नाहीत. लंडनला बरोबर उलटा धडा मिळाला, की हे प्रकरण गंभीर आहे, फ्लँडर्समधून अनुभवी पलटणी आणि कंबरलंडला परत बोलवा. एकाच पंधरा मिनिटांतून एका बाजूने आत्मविश्वास घेतला आणि दुसऱ्या बाजूने तयारी घेतली.

पुढचं झटपट सांगतो. फ्रान्सने ऑक्टोबरमध्ये करार केला, थोडी मदत आली, बंडखोरांची संख्या पाच हजारांच्या वर गेली. इंग्लंडवर जायचं की स्कॉटलंड पक्कं करायचं ह्यावर सरदारांमध्ये वाद, अगदी थोडक्या मताने जायचं ठरलं. नोव्हेंबरमध्ये कार्लाइल घेतलं, ४ डिसेंबरला डर्बी, म्हणजे लंडनपासून दोनशे किलोमीटरच्या आसपास. तिथे मरे आणि सरदार म्हणाले, इंग्लंडमधून कोणी येऊन मिळत नाही, फ्रेंच उतरले नाहीत, तीन बाजूंनी फौजा येतायत, परत फिरू. चार्ल्स चिडला पण फिरावं लागलं. जानेवारीत फॉलकर्कला आणखी एक लढाई जिंकले. आणि १६ एप्रिल १७४६ ला कलोडनच्या ओल्या माळावर, आदल्या रात्रीच्या फसलेल्या कूचमुळे उपाशी आणि न झोपलेली माणसं, समोर शिकवलेले गोलंदाज आणि कवायती पायदळ. मरे ही जागा चुकीची आहे म्हणत राहिला. ह्या वेळी मॅकडोनाल्ड डाव्या बाजूला ठेवले होते आणि नाराज होते. तासाभरात संपलं. सात महिन्यांपूर्वी धसकटाच्या शेतात जे जे बाजूने होतं, कोरडी सपाट जमीन, कच्चा शत्रू, गोलंदाज नसलेल्या तोफा, ते एकही कलोडनला नव्हतं, माणसं मात्र बरीचशी तीच होती. मला वाटतं ह्याहून चांगला पुरावा नको की प्रेस्टनपॅन्स नुसत्या शौर्यावर जिंकलं नव्हतं.

त्यानंतर सरकारने हायलंडची रचनाच मोडली. हत्यारबंदी, हायलंडचा पोशाख घालायला बंदी, कुळप्रमुखांचे न्यायनिवाड्याचे हक्क काढून घेतले. आणि मग ह्याच डोंगरातल्या पोरांना ब्रिटिश आर्मीत भरायला सुरुवात केली, काही वेळा बंडखोर घराण्यातल्या मुलांकरवीच पलटणी उभ्या केल्या. इथे आपला संबंध येतो, तोही ओढूनताणून नाही. २३ सप्टेंबर १८०३ ला आताच्या जालना जिल्ह्यात असईला वेलस्लीने शिंदे आणि भोसले ह्यांच्या फौजेशी लढाई केली, तेव्हा त्याच्या फौजेत ७४ वी आणि ७८ वी ह्या दोन हायलंडर पलटणी होत्या. ७४ व्या पलटणीची तिथे मराठ्यांच्या तोफांनी अक्षरशः चाळण केली. मराठ्यांचे गोलंदाज शेवटपर्यंत तोफा सोडून हलले नाहीत, हे इंग्रजांनीच लिहून ठेवलंय. कोपकडे तसले गोलंदाज असते तर २१ सप्टेंबरची पहाट वेगळी गेली असती, असं मला ठामपणे वाटतं.

एडिंबराला राहणाऱ्या किंवा फिरायला जाणाऱ्या मराठी मंडळींना सांगेन, किल्ला आणि रॉयल माइल बघून झालं की अर्धा दिवस काढा. वेव्हर्ली स्टेशनवरून नॉर्थ बेरिकच्या लोकल ट्रेनने प्रेस्टनपॅन्स अगदी जवळ आहे. मेडोमिलपाशी खाणीच्या मातीचा जुना ढिगारा आहे, त्याच्यावर चढून गेलात की रणांगण खाली दिसतं, फक्त एवढं ध्यानात ठेवा की दलदल आता राहिलेली नाही, मधून रेल्वे आणि मोठा रस्ता गेलाय, त्यामुळे आधी ट्रॅनंटचा चढ शोधा, मग समुद्र, आणि मग अँडरसनची वाट कुठल्या बाजूने आली असेल ते पूर्वेला बघा.